नवी भाषा परवडते का?

१ एप्रिल १९५७ या दिवशी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब गेला आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हा बदल सोयीचा होता हे आज कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पण त्या वर्षी बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचे नाणे तर नाही. म्हणून १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९ आणि ४ आण्यांचे २५ असे कोष्टक वापरायचे. एकेक आण्याच्या चार वस्तू चार वेळा घेतल्या तर २४ पैसे, एकदम घेतल्या तर २५! पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या दुकानदाराचा वर्षानुवर्षांचा सराव एका दिवसात मोडीत निघाला. फायदा पुढे होणार होता. तोटा मात्र आजच, गल्ल्यावर, सर्वांदेखत होत होता.

शाळेत संगणक शिकवणारे शिक्षक आम्हाला नेहमी विचारतात, "आम्ही बेसिक शिकलो, मग सी, मग सी++, आणि आता पायथन. दर वेळी जुने बाजूला ठेवून नवे शिकण्यात जो वेळ जातो, तो भरून निघतो का?" प्रश्न रास्त आहे. कारखान्यांत आणि कचेऱ्यांतही नवी संगणकभाषा घ्यायची की नाही यावर असाच खल होतो. या प्रश्नाचा पहिला मोठा हिशोब मांडला गेला तो फोर्ट्रान या भाषेच्या बाबतीत. योगायोग असा, की ती भाषा पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाती पडली तोही महिना एप्रिल १९५७ हाच होता. फक्त ठिकाण होते अमेरिका.

सात पायऱ्या आणि एक ओळ

१९५० च्या सुमारास संगणकाला काम सांगायचे म्हणजे काय करावे लागे, हे एका उदाहरणाने पाहू. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू अ आणि ब दिल्या आहेत. आपल्याला य = अ × अ + ब × ब ही किंमत हवी आहे. फळ्यावर ही एक ओळ. यंत्राला मात्र ती अशी सांगावी लागे: अमुक क्रमांकाच्या कप्प्यातली संख्या (म्हणजे अ) गुणाकाराच्या जागी आण, तिला त्याच कप्प्यातल्या संख्येने गुण, उत्तर तमुक कप्प्यात ठेव, आता ब आण, त्याला ब ने गुण, मघाशी ठेवलेले उत्तर त्यात मिळव, बेरीज य च्या कप्प्यात ठेव. एका ओळीच्या सात आज्ञा झाल्या. कोणता कप्पा कशासाठी वापरला हे माणसाने लक्षात ठेवायचे. शंभर त्रिकोणांसाठी हेच शंभर वेळा करायचे असेल तर मोजणी कुठे ठेवायची, कधी थांबायचे, हेही त्यानेच सांगायचे.

हे काम करणारे प्रोग्रॅमर संख्येने थोडे होते आणि आपल्या कामात वाकबगार होते. यंत्राची स्मृती लहान, वेळ महाग. दोन आज्ञांचे काम एका आज्ञेत बसवणे यात त्यांची हुशारी दिसे आणि तिचा त्यांना अभिमानही असे. यंत्राला हे काम आपल्याइतके चांगले जमेल, यावर त्यांच्यापैकी बहुतेकांचा विश्वास नव्हता.

या अविश्वासाला आधार होता. काम सोपे करणाऱ्या काही पद्धती तेव्हाही होत्या. आयबीएम कंपनीच्या ७०१ या यंत्रासाठी जॉन बॅकस या तरुण प्रोग्रॅमरने १९५३ साली 'स्पीडकोडिंग' नावाची एक पद्धत तयार केली होती. तिच्यात लिहिणे सोपे होते, पण यंत्र प्रत्येक आज्ञा वाचून, तिचा अर्थ लावून मग काम करी. त्यामुळे तेच काम थेट यंत्रभाषेत लिहिल्यापेक्षा कितीतरी पट हळू होई. त्या काळी हे खपून जाई, कारण दशांश चिन्ह सरकवत करायची आकडेमोड ७०१ च्या यंत्रणेतच नव्हती. ती आज्ञांच्या लांबलचक मालिका लिहूनच करावी लागे. मुळातच काम इतके संथ, की आणखी थोडा उशीर त्यात झाकला जाई.

१९५४ साली आयबीएमने ७०४ हे यंत्र जाहीर केले आणि हे पांघरूण गेले. अशी आकडेमोड आता यंत्र स्वतःच झपाट्याने करणार होते. आता सोप्या भाषेने लावलेला उशीर उघडा पडणार होता.

कागदावरचा हिशोब

बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस आपले वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना एक टिपण लिहिले आणि ७०४ साठी नवी भाषा तयार करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. आपली बाजू मांडताना त्यांचा भर होता खर्चावर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संगणक केंद्रात प्रोग्रॅमरांवर होणारा खर्च साधारणपणे यंत्रावरच्या खर्चाइतका तरी असतो. शिवाय यंत्राच्या वेळेपैकी पाव ते निम्मा वेळ नव्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यातच जातो.

हे आकडे मांडून पाहू. वर्गातही करून घेता येतील. यंत्राचा खर्च १०० रुपये धरला, तर माणसांचा खर्च १०० रुपये. एकूण २००. यंत्राच्या १०० पैकी ५० चुका शोधण्यात गेले. म्हणजे २०० पैकी १५० रुपये, तीन चतुर्थांश खर्च, प्रोग्रॅम लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला. ज्यासाठी यंत्र घेतले ती आकडेमोड झाली फक्त ५० रुपयांची!

आता समजा, नवी भाषा आली आणि लिहिणे-दुरुस्तीचा खर्च पाचाव्या हिश्शावर आला. (हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे.) १५० चे ३० झाले. पण या भाषेतून निघालेला प्रोग्रॅम निम्म्या वेगाने चालतो. म्हणून आकडेमोडीचे ५० चे १०० झाले. एकूण १३०. तरीही ७० रुपये वाचले.

मग प्रोग्रॅमर मंडळी वेडी होती का? नाही. दुसरे केंद्र घेऊ. तिथे एकच प्रोग्रॅम लिहून झाला आहे आणि रोज तोच चालवायचा आहे. २०० पैकी २० रुपये लिहिण्यात, १८० आकडेमोडीत जातात. नव्या भाषेने २० चे ४ होतील, पण १८० चे ३६० होतील. एकूण ३६४! या केंद्राने नवी भाषा नाकारली तर ते शहाणपणच म्हणावे लागेल. भाषा तीच, दोन्ही केंद्रांचे हिशोब बरोबर, उत्तरे उलटी. कामाच्या खर्चात लिहिण्याचा वाटा किती आणि चालवण्याचा किती, यावर सगळे अवलंबून आहे.

यात आणखी एक खोच आहे. यंत्राचा वेळ घड्याळावर मोजता येतो. माणसाचा वाचलेला वेळ असा मोजता येत नाही; तो दहा जणांच्या दहा दुपारींत विखुरलेला असतो. नव्या भाषेचा प्रोग्रॅम दुप्पट वेळ घेतो हे पहिल्याच दिवशी दिसणार. तो तीन दिवस आधी तयार झाला हे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणूनच बॅकस यांना भीती होती, की आपल्या भाषेतून निघणारे प्रोग्रॅम हाताने लिहिलेल्यांच्या निम्म्या वेगाने जरी चालले, तरी लोक ती स्वीकारतील याची खात्री नाही.

खर्च कोणी उचलायचा?

या भीतीतून बॅकस यांच्या गटाने एक निर्णय घेतला आणि फोर्ट्रानचे यश त्यात आहे असे आम्हाला वाटते. भाषा कशी दिसावी यावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. सारी शक्ती खर्च केली ती भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे कंपायलरवर. प्रत्येक वेळी अर्थ लावत बसण्याऐवजी संपूर्ण प्रोग्रॅमचे एकदाच यंत्रभाषेत भाषांतर करायचे, आणि ते कसलेल्या प्रोग्रॅमरने हाताने केल्याइतके काटकसरीचे असले पाहिजे, ही त्यांची अट होती.

गट लहान होता आणि त्यात निरनिराळ्या विषयांची माणसे होती. डेव्हिड सायर हे स्फटिकांच्या रचनेचे अभ्यासक. स्फटिकशास्त्रातले १९५२ चे 'सायर समीकरण' त्यांचेच. लोइस हेब्ट या नुकत्याच महाविद्यालयातून बाहेर पडल्या होत्या. प्रोग्रॅमचा कोणता भाग किती वेळा चालेल याचा अंदाज घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी कंपायलर यादृच्छिक संख्या वापरून प्रोग्रॅमची जणू लुटुपुटूची फेरी काढी. जो भाग वारंवार चालणार तिथे यंत्रातल्या जलद जागा आधी वापरायच्या, हा त्यामागचा विचार. प्रोग्रॅमर जे अनुभवाने करी, ते आता नियमांत बसवले जात होते. कंपायलरने काढलेली यंत्रभाषा पाहून त्याचे निर्मातेच कधीकधी चकित होत.

नोव्हेंबर १९५४ मध्ये भाषेचा पहिला आराखडा छापला गेला. 'फोर्ट्रान' हे नाव 'फॉर्म्युला ट्रान्सलेशन', म्हणजे सूत्रांचे भाषांतर, यावरून आले. काम किती बाकी आहे असे कोणी विचारले की सहा महिने हे उत्तर ठरलेले असे. प्रत्यक्षात ते पुरे व्हायला १९५७ चा एप्रिल उजाडला. यंत्र दिवसा मोकळे मिळत नसे, म्हणून मंडळी न्यूयॉर्कमध्ये जवळच्या हॉटेलात खोल्या घेऊन दिवसा थोडे झोपत आणि रात्रभर यंत्रावर काम करत. एका माणसाने एकट्याने केले असते तर १८ वर्षे लागली असती, इतके श्रम त्या कंपायलरमध्ये गेले.

म्हणजेच बदलाचा मोठा खर्च भाषा तयार करणाऱ्यांनी स्वतः सोसला. ७०४ यंत्र घेणाऱ्यांना कंपायलरचे वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत. वापरणाऱ्याच्या वाट्याला उरले ते शिकण्याचे कष्ट.

एक दिवसाचे शिकणे

ते कष्ट किती होते? १९५७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या परिषदेत गटाने निबंध वाचला. त्यात एका प्रोग्रॅमरची हकीकत आहे. तो फोर्ट्रानच्या एक दिवसाच्या वर्गाला बसला. नंतर थोडा वेळ पुस्तिका चाळली. मग त्याने चार तासांत आपला प्रोग्रॅम ४७ ओळींत लिहिला. यंत्राने सहा मिनिटांत त्याचे भाषांतर करून सुमारे १,००० आज्ञा तयार केल्या. दर ओळीमागे सरासरी २१. चालवून पाहिल्यावर उत्तर चुकले. उत्तराचा अभ्यास करून त्याने चुकीची ओळ शोधली, बदलली, पुन्हा भाषांतर केले आणि बरोबर उत्तर मिळाले. हाताने लिहायला तीन दिवस लागले असते, शिवाय चुका शोधायला किती ते सांगता येत नाही, आणि तसे करूनही वेगात फारसा फरक पडला नसता, असा त्याचा अंदाज होता.

हिशोब करा. एक दिवस शिकण्यात आणि अर्धा लिहिण्यात गेला, दुसऱ्या बाजूला तीन दिवस. शिकण्याचा खर्च पहिल्याच कामात निघाला. बदलाचा खर्च इतक्या लवकर वसूल होणे क्वचित घडते. एक सावधगिरी मात्र हवी. हा आकडा भाषा तयार करणाऱ्यांनीच दिलेला आहे, आणि एका कामावरून निष्कर्ष काढू नये हे त्यांनीही त्याच ठिकाणी मान्य केले आहे.

खरी परीक्षा झाली ती बाहेरच्या गिऱ्हाइकांकडे. एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कंपनीच्या बेटिस प्रयोगशाळेत कार्डांचा एक खोका येऊन पडला. सोबत सूचना नव्हत्या. हा फोर्ट्रानचा कंपायलर असावा असे ताडून तिथल्या मंडळींनी तो यंत्रात घातला आणि आपला एक प्रोग्रॅम देऊन पाहिला. यंत्राने उत्तर छापले, की अमुक ओळीत कंसानंतर स्वल्पविराम नाही! तेवढे एक कार्ड बदलले आणि प्रोग्रॅम चालला. आपली चूक यंत्राने नेमकी दाखवावी हा त्यांना नवा अनुभव होता.

एका वर्षात, एप्रिल १९५८ मध्ये, २६ केंद्रांची पाहणी झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक केंद्रे आपली निम्म्याहून अधिक कामे फोर्ट्रानमध्ये करत होती.

सर्व दावे खरे ठरले असे नाही. १९५४ च्या आराखड्यात म्हटले होते, की चुका शोधण्याचे काम जवळजवळ संपेल. ते आजही संपलेले नाही. मोकळ्या जागेला फोर्ट्रानमध्ये अर्थ नव्हता. त्यामुळे 'हे काम १ पासून १० पर्यंत दहा वेळा कर' या आज्ञेत स्वल्पविरामाऐवजी टिंब पडले, तर कंपायलर न कुरकुरता तिचा 'या नावाची किंमत १.१० ठेव' असा भलताच अर्थ लावी. बेटिसमधला स्वल्पविराम सापडला. असे टिंब मात्र सापडत नसे. नव्या भाषेने जुन्या चुका कमी केल्या आणि काही स्वतःच्या आणल्या.

जुने आणि नवे एकत्र

नाण्यांच्या बाबतीत सरकारने कायदा केला होता. तरी काही काळ आणे आणि नवे पैसे बाजारात शेजारी शेजारी चालले. फोर्ट्रानबाबत कायदा नव्हता, पण शेजार होता. १९५८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅमचे तुकडे वेगवेगळे भाषांतरित करून जोडता येऊ लागले. त्यांतला एखादा तुकडा हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या रूपातला असला तरी चाले. जिथे वेगाची निकड आहे तेवढा भाग जुन्या पद्धतीने, बाकीचा नव्या भाषेत. आधीचे काम फेकून द्यावे लागले नाही.

हुकमाने भाषा बदलण्याचाही प्रयत्न पुढे झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात शेकडो भाषा वापरात होत्या. त्यांच्या जागी एकच असावी म्हणून एडा ही भाषा तयार झाली. १९८३ मध्ये तिचे प्रमाणरूप ठरले, आणि पुढे ती सक्तीचीही झाली. १९९७ साली ती सक्ती मागे घेण्यात आली. भाषा वाईट नव्हती. विमानांसारख्या, चूक चालणारच नाही अशा कामात ती आजही वापरली जाते. पण ज्याच्या कामाचा हिशोब जमत नाही, त्याचा हिशोब हुकमाने जमत नाही.

आपल्याकडे हा बदल मुंबईत स्पष्ट दिसला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, आणि काम यंत्रभाषेत. १९६४ साली तिथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले आणि त्यासोबत फोर्ट्रान. देशभरातले संशोधक तिथे आपली गणिते पाठवू लागले. त्याआधी एक वर्ष कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला होता. तिथे शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्यासाठी दहा दिवसांचे फोर्ट्रानचे वर्ग चालत. शिकवणाऱ्यांपैकी व्ही. राजारामन यांची पाठ्यपुस्तके पुढे देशभर वापरली गेली. यंत्राच्या पोटात शिरण्याची गरज नसलेला रसायनशास्त्राचा अध्यापक दहा दिवसांत आपले गणित स्वतः संगणकाला घालू लागला. बॅकस यांच्या हिशोबात हा फायदा कुठेच नव्हता. त्यांनी जुन्या प्रोग्रॅमरांचा वेळ मोजला होता; जे अजून प्रोग्रॅमर झालेच नव्हते त्यांचा कसा मोजणार?

हिशोब उलटतो तेव्हा

बॅकस यांना १९७७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या निमित्ताने केलेल्या भाषणात त्यांनी फोर्ट्रानच्या वळणाच्या सर्व भाषांवरच टीका केली आणि अगदी वेगळ्या धाटणीची, गणिती फलांवर आधारलेली भाषा सुचवली. लोकांनी ते भाषण आदराने वाचले आणि आपापले काम फोर्ट्रानमध्येच चालू ठेवले. वीस वर्षांत लिहिलेले प्रोग्रॅम, छापलेली पुस्तके, शिकलेली माणसे हे सारे आता जुन्या पारड्यात पडले होते. १९५७ साली ज्या सवयीशी बॅकस झगडले, तिच्या जागी आता त्यांचीच भाषा बसली होती. २००७ साली ते गेले. फोर्ट्रान मात्र, बरीच रूपे बदलून, अजून चालू आहे. हवामानाच्या आकडेमोडीत ती आजही भेटते.

तेव्हा शिक्षकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर एका शब्दात नाही. नवी भाषा, नवे पाठ्यपुस्तक किंवा नवी अध्यापनपद्धती समोर आली की तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली: वेळ खरोखर कशात जातो आहे, आणि नवी गोष्ट नेमका तोच वाचवते का? दुसरी: बदलाचा खर्च कोण उचलणार, बदल सुचवणारा की वर्गात उभा असलेला? तिसरी: जुने काही काळ सोबत चालवता येईल का? या तिन्हींची उत्तरे फोर्ट्रानच्या बाजूने होती. जिथे ती नसतील तिथे 'थोडे थांबू या' म्हणणाऱ्याला मागासलेला ठरवू नये. त्याच्या वहीतला हिशोब आधी पाहावा.